शार्कचा नसलेला दात

"हा शार्कचा नाही," कवळीमास्तर म्हणाले.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जीवाश्म दातांचा खण उपसून बसलेल्या मॅडमनी मान वर केली. डबीतल्या चिठ्ठीवर तर स्वच्छ लिहिलं होतं, शार्क. अक्षर त्यांना जीवाश्म शिकवणाऱ्या सरांचं, चाळीस वर्षांपूर्वीचं.

मास्तरांची सगळी हयात एका दंतवैद्याकडे कवळ्या घडवण्यात गेली. हात थरथरायला लागले तसे ते घरी बसले. दिवसभर खिडकीशी नुसते बसून राहतात, म्हणून लेकीनंच त्यांना इथे आणून सोडलं. दीड महिना ते मुकाट्यानं दात पुसून डब्यांत ठेवत होते.

"कशावरून म्हणता?"

"शार्कचे इतके पुसले की मी. त्यांच्या मुळाला खाली दोन फाटे असतात. हिरडीतून आपसूक गळतात ते. याच्या बुडाशी बघा, हाड चिकटलंय. हा गळलेला नाही, मोडलाय."

मॅडमनी भिंग लावलं. दात उलटासुलटा करून बुड निरखलं. मग चाचरतच त्यांनी सरांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच काठी टेकत आले. मास्तर गडबडून उठले. "माझी चूकभूल झाली असेल तर..."

"बसा हो." सरांनी दात उजेडात फिरवून फिरवून पाहिला. "वरचा की खालचा?"

"वाक बघता वरचा वाटतो. पण छातीठोक नाही सांगत. असल्या तोंडात कधी हात घातला नाही मी."

सर हसले. "मी जन्मभर तेच केलं. शार्कला हाडच नसतं, तरी एवढं मला दिसलं नाही."

मॅडम नवी चिठ्ठी काढू लागल्या, तर सरांनी त्यांना थांबवलं. जुन्याच चिठ्ठीवरच्या 'शार्क'वर त्यांनी एक बारीक रेघ ओढली, खालचं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'मोठा, हाडांचा शिकारी मासा. वरचा सुळा?' प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.

शाई वाळल्यावर त्यांनी चिठ्ठी डबीत परत ठेवली.

"या खणात माझ्या अजून किती चिठ्ठ्या आहेत?"

"दोनशे अकरा, सर."

सरांनी खुर्ची ओढून घेतली, चष्मा पुसला आणि पहिली डबी उघडून मास्तरांपुढे सरकवली.