नाक्यावरचा शिक्का

तहान लागल्यावर विहीर खणायची, ही कचेरीची जुनी खोड. हैज्याची साथ गावात शिरली तेव्हा नगरपालिकेकडे डॉक्टर एक, कंपाउंडर एक आणि जकात नाके मात्र चार होते. मग जकातीचे बाबूच हैज्याच्या कामाला जुंपले. हुकूम सरळ होता: सुई टोचल्याशिवाय गावात कोणी यायचं नाही आणि टोचलेल्याच्या दंडावर नाक्याचा जांभळा शिक्का मारायचा. वेगळा शिक्का करायला वेळ कुणाला होता? गुळाच्या भेल्यांवर बसायचा तोच माणसांवर बसू लागला.

पुसद रस्त्याच्या नाक्यावर वामनबाबू नऊ दिवस हेच करत होते. कंपाउंडर कमलाकर टोचायचा, हे छापायचे. पाय सुजले होते, डोकं बधिर झालं होतं. दहाव्या दिवशी लस संपली म्हणून कमलाकर दवाखान्यात गेला, तेवढ्यात वांग्यांची पाटी घेऊन तुळसाबाई आली. वामनबाबूंच्या घरची भाजी वर्षानुवर्षं तिचीच.

"बाबू, टोचलं का बुखार येते म्हन्तेत. मंग बजार कोन करन? शिक्का मारून द्या न, जाऊ द्या मले."

नियम पाठ होता. पण नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी शिक्का मारला.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिची सून नलू बैलगाडीतून दवाखान्यात आली, डोळे खोल गेलेली. डॉक्टरांनी दंड पाहून वामनबाबूंना बोलावलं. "हिला तर टोचलंय. मग असं कसं?"

वामनबाबू वाकले. शिक्का फिकट होता आणि उलटा, आरशात दिसावा तसा.

"म्याच लावला," तुळसाबाई म्हणाली. "घरी गेल्यावर माहा शिक्का वला केला न तिचा दंड त्यावर दाबला. तुमी मले सुई नाई टोचली, नुसता शिक्का देल्ला. म्या म्हनलं, औषद शिक्क्यातच असन."

वामनबाबूंनी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. लाजेनं मान वर होत नव्हती. डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. तेही कित्येक दिवस झोपले नव्हते. दिवस कलायच्या आत नलू गेली.

दुसऱ्या दिवशी हुकूम बदलला. शिक्का आता कंपाउंडर मारणार, बाबूनं फक्त दंड धरायचा.

आठवड्यानं तुळसाबाई रांगेत दिसली. डोक्यावर पाटी नव्हती. तिनं दंड पुढे केला. जुना शिक्का अजून पुसट दिसत होता. वामनबाबू ओल्या फडक्यानं तो पुसू लागले.

"राहू द्या, बाबू. नलूचा दंड इथंच टेकला व्हता."

वामनबाबूंनी फडकं खाली ठेवलं आणि तिचा दुसरा दंड धरला.