टप: मूळ, सुटा

जुन्या उघड्या मोटारींचे शौकीन दोन जातींचे असतात, असा टपवाल्या बाईंचा अनुभव होता. एक जण गाडीकडे बघतो. दुसरा, आपल्या गाडीकडे कोण बघतंय ते बघतो. दहांत चार पहिले, सहा दुसरे. पस्तीस-चाळीस वर्षं गाड्यांचे कापडी टप शिवताना बाईंनी हा आकडा मनात पक्का केला होता आणि तो सहसा चुकत नसे.

आज शेडमध्ये आलेले काका मात्र या हिशेबात कुठेच बसत नव्हते. त्यांना पाठीमागे सगळे 'मूळपुरुष' म्हणत. औषधांचं दुकान मुलाच्या ताब्यात देऊन ते मोकळे झालेले, आणि त्यांची दोन दारांची गाडी त्यांच्याहून चार वर्षांनी वडील. तिच्यातलं सगळं मूळचं: स्क्रू मूळचे, पायाखालच्या चटया मूळच्या, घसा बसलेला हॉर्न मूळचा. टायर बदलावे लागले त्या आठवड्यात ते घरात कोणाशी धड बोलले नव्हते, असं त्यांची बायकोच सांगायची. एका मेकॅनिकने चांगुलपणा करून एक गंजका स्क्रू काढला आणि नवा बसवला, तर मूळपुरुषांनी त्याला कचऱ्याचे तीन डबे उपसायला लावून जुना शोधून काढला होता.

तर या गाडीची जुन्या मोटारींच्या मंडळाकडून तपासणी चालली होती. मंडळाची एक जाडजूड नोंदवही होती आणि तिच्यात 'मूळ' या भागात नाव लागणं म्हणजे या मंडळींना मोक्षच. त्यासाठी प्रत्येक कामातल्या जाणत्या कारागिराचं पत्र लागे. इंजिनवाल्याचं आलं होतं, रंगवाल्याचं आलं होतं. राहिलं होतं टपाचं. हा टप कारखान्यातूनच आलेला आहे, असं बाईंनी लिहून सही केली की झालं. अशी अकरा पत्रं बाईंनी आजवर दिली होती आणि चौघांना तोंडावर नाही म्हटलं होतं. म्हणूनच त्यांच्या सहीला किंमत होती.

बाईंचं आज कशात लक्ष नव्हतं. सकाळपासून मशीनच्या दोन सुया मोडल्या, चहा तीनदा गार झाला. खुर्चीत बसायच्या, उठायच्या, कात्री या टेबलावरून त्या टेबलावर ठेवायच्या. कारण हा टप कारखान्याचा नव्हता. तो त्यांच्या बाबांनी शिवला होता, याच शेडमध्ये, अडतीस वर्षांपूर्वी.

तेव्हा मूळपुरुष कामासाठी चार महिने बाहेर होते आणि गाडी त्यांच्या थोरल्या भावाकडे होती. भावाच्या मित्राने मागच्या सीटवर बसून सिगारेट झटकली, टपाला वाटाण्याएवढी दोन भोकं पडली. भाऊ गाडी घेऊन बाबांकडे आला तो जवळजवळ रडतच. धाकटा जीव घेईल म्हणाला. बाबांनी सात आठवडे खपून नवा टप केला. कापड उन्हात ठेवलं, धुतलं, पुन्हा उन्हात ठेवलं, विटकरीची धूळ चोळली. जुन्यात डावीकडची शिवण कोपऱ्याजवळ बोटभर तिरकी गेली होती, कारखान्यातल्या कुणाचा तरी हात घसरलेला. बाबांनी तीही तशीच्या तशी तिरकी घातली. आणि भावाला शब्द दिला, की ही गोष्ट या शेडबाहेर जाणार नाही. भाऊ आता नव्हता, बाबाही नव्हते. शब्द तेवढा मागे राहिला होता.

मंडळाचे तपासनीस, भिंगवाले म्हणून प्रसिद्ध असलेले गृहस्थ, अकरापासून गाडीत उताणे पडून टप आतून बघत होते. नुसते बूट बाहेर दिसत होते. मूळपुरुष त्या बुटांभोवती घिरट्या घालत होते; देवघरात मांजर शिरलं की माणूस घालतो तशा. एकदा त्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना. बूट हलले. पुन्हा विचारलं.

शेवटी भिंगवाले बाहेर आले, कपडे झटकले आणि खूश होऊन म्हणाले की ती तिरकी शिवणच बोलते आहे. नक्कल करणारा शहाणा असतो, तो शिवण सुतासारखी सरळ घालतो. चूक करायला मूळ कारखानाच लागतो.

मूळपुरुषांचा चेहरा असा फुलला की बाईंनी कात्री पुन्हा दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवली. भिंगवाल्यांनी कागद पुढे केला. त्यांना तीन वाजता निघायचं होतं.

बाईंनी पेन घेतलं आणि पेनात शाई आहे का ते बघितलं. होती. दुसरं पेन आणते म्हणून आत गेल्या, हात धुऊन परत आल्या, पेन विसरल्या. खोटं लिहावं तर बारावी सही पहिल्या अकरांना बुडवणार. खरं सांगावं तर बाबांचा शब्द मोडणार, आणि एका म्हाताऱ्याचं चाळीस वर्षांचं सुख एका वाक्यात जाणार. एवढंच असतं तर बाई गप्प राहिल्याही असत्या. पण आत आणखी एक गोष्ट ठुसठुसत होती: भिंगाला फसवणारं काम आपल्या बापाने केलं आणि जगात कोणाला त्याचा पत्ता नाही. खरेपणा किती आणि मिरवायची हौस किती, याची विभागणी बाईंना करता आली असती. पण ती त्यांनी केली नाही. स्वतःचा हिशेब माणूस जरा ढिलाच ठेवतो.

"काका," त्या म्हणाल्या, "हा टप कारखान्याचा नाही. माझ्या बाबांनी शिवलाय."

मूळपुरुष हसले. "बाई, आज थट्टा नको. माझा रक्तदाब बघा."

बाईंनी त्यांना मागच्या काचेपाशी नेलं. काचेच्या वर चार बोटांएवढी शिवण जरा दाट होती. ती त्यांनी स्वतः घातली होती, एकोणिसाव्या वर्षी. बाबांनी तीनदा उसवायला लावली होती आणि चौथ्यांदा, आता कापड फाटेल म्हणून, राहू दिली होती. मग त्यांनी सगळं सांगितलं. चार महिने, सिगारेट, भोकं, सात आठवडे.

"दादाला माहीत होतं?"

"त्यांनीच आणली होती गाडी."

मूळपुरुष गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग दुसरी मारली. भिंगवाले पाणी प्यायला गेले ते ग्लास हातात धरून तिथेच थांबले. बाईंनी मनाची तयारी केली होती: ते ओरडतील, मेलेल्या भावाला शिव्या देतील, कदाचित मटकन खाली बसतील. तिसऱ्या फेरीला मूळपुरुष त्यांच्यासमोर थांबले. डोळ्यांत निराळीच चमक होती.

"मग मूळ टप कुठे आहे?"

हा प्रश्न बाईंच्या डोक्यातही आला नव्हता. त्या म्हणाल्या, त्याचा काय उपयोग, बाबांनी तो सगळा उसवला होता. सुटे तुकडे नव्या कापडावर ठेवून त्यावरून बेतलं होतं. ते तुकडे असतील माळ्यावर, नमुन्यांच्या पत्र्याच्या पेटीत, बाबा बेतायचे नमुने कधी टाकायचे नाहीत...

पुढचं ऐकायला मूळपुरुष जागेवर नव्हते. पंचाहत्तरीचा माणूस शिडीवर चढला होता, आणि भिंगवाले खालून शिडी धरून त्यांना म्हणत होते, "काखेत कळसा, काका, आणि आपण छत तपासत बसलो."

तुकडे सात निघाले. मोठ्या टेबलावर पसरले तेव्हा त्यांची धूळ तिघांच्याही नाकात गेली. दोन भोकं होती, कडा काळ्या पडलेल्या. मूळपुरुषांनी त्यातल्या एकावर बोट ठेवलं आणि घरच्या माणसाच्या जखमेवर ठेवावं तसं हलकेच काढून घेतलं. भिंगवाले तर तासभर उठलेच नाहीत. तिरकी शिवण जिथे होती तिथे सुईच्या छिद्रांची रांग तिरकी गेलेली त्यांना सापडली आणि ते लहान मुलासारखे हसले. मघाशी नक्कल करणाऱ्याच्या शहाणपणाविषयी आपण काय बोललो होतो, ते त्यांच्या लक्षातून साफ गेलं होतं.

मग दोघांनी डोकी एकत्र केली. हे पुन्हा शिवता येतील का? बाई म्हणाल्या, या कापडात सुई घातली की भुगा होईल. शिवू नका मग, भिंगवाले म्हणाले. नियम असा की गाडीबरोबर जपलेला मूळ भाग मूळच धरतात. फक्त त्याच्या जागी नक्कल बसवलेली नको. म्हणजे टप काढायचा.

आणि त्यांनी खरंच काढला. बाईंनाच पाना धरायला लावला. इतकी वर्षं कापडाला चीर जाईल म्हणून मूळपुरुषांनी जो कधी मागे दुमडू दिला नव्हता, तो टप अर्ध्या तासात कमानींवरून सुटून जमिनीवर पडला. कोणी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"आणि हा?" बाईंनी विचारलं.

"राहू द्या तुमच्याकडे," मूळपुरुष म्हणाले. तुकड्यांमध्ये पातळ कागद घालण्यात ते गुंतले होते. "नकलेचं मी काय करू?"

बाईंना कोणी वर्मावर बोट ठेवल्यासारखं झालं. शिव्या खायची तयारी होती. या वाक्याची नव्हती. भिंगवाल्यांनी तेवढ्यात नवा कागद पुढे केला होता: टपाचे मूळ तुकडे याच गाडीचे आहेत, सही. पावणेतीन झाले होते.

"लिहिते," बाई म्हणाल्या. "पण नोंदवहीत दुसऱ्या टपाचंही लिहायचं. कोणी शिवला ते."

भिंगवाले अवघडले. नक्कल करणाऱ्याचं नाव लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता.

"मग माझ्या सहीलाही हात नाही."

मूळपुरुषांनी भिंगवाल्यांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा भिंगवाल्यांकडे. त्यांची बोटं पेटीच्या झाकणावर वाजत होती. बाई पेनचं टोपण लावून उभ्या होत्या. त्यांना घाई नव्हती. म्हणजे होती, पण ती कोणाला दिसत नव्हती.

"लिहा हो," मूळपुरुष शेवटी म्हणाले. "समासात लिहा. जागा आहे."

भिंगवाल्यांनी लिहिलं. रकान्यात: टप मूळ, सुटा, सात तुकडे, दोन भोकं. समासात, बारीक अक्षरात, बाईंनी सांगितलं तसं त्यांच्या वडिलांचं पूर्ण नाव, आणि पुढे: यांनी शिवलेला टप अडतीस वर्षं चढवलेला होता, ओळखू आला नाही. 'ओळखू आला नाही' हे शब्द भिंगवाल्यांना जड गेले. बाईंनी ते दोनदा वाचून मग सही केली.

उघडी गाडी शेडच्या दारात आली. पेटी शेजारच्या सीटवर ठेवलेली, आणि मागे कोणी बसलं तर तिला धक्का लागेल म्हणून भिंगवाल्यांना पायी जावं लागणार होतं. मूळपुरुषांनी इंजिन चालू केलं, बंद केलं.

"त्या टपाच्या कडेवरून मी हात फिरवायचो," ते समोर बघत म्हणाले. "रोज सकाळी. अडतीस वर्षं."

"बरं वाटायचं?"

"हो."

"मग झालं तर."

मूळपुरुषांना काही ते पटलं नाही. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि गाडी हळूहळू पुढे नेली. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. वळणापर्यंतच्या दोनशे पावलांत मूळपुरुषांनी तीनदा गाडी थांबवून पेटीचं झाकण उघडून बघितलं.