तिसरी स्टेज

“तिसरी स्टेज आहे,” डॉक्टर आसावरी म्हणाल्या.

“एकूण किती?” धम्मपालांनी विचारलं.

“चार.”

“मग एकच उरली की. किमो-बिमो नको. चल गं, उठ.”

ठाण्याला, माजिवड्याच्या हॉस्पिटलात धम्मपालांच्या आतड्याची गाठ काढून झाली होती आणि आज तिचा रिपोर्ट आला होता. पुढे किमो घ्यायची की नाही एवढंच ठरायचं होतं. ते त्यांनी खुर्चीवर नीट टेकायच्या आत ठरवून टाकलं. माणूस तसा तृप्त. कल्याणजवळ मोहन्यात घर, मुलगी मार्गी लागलेली, नातवंडं डोक्यावर बसलेली. आणखी काय हवं? पण बायकोचं, मायाबाईंचं तसं नव्हतं. जन्मभर त्या नवऱ्याच्या ‘झालं, ठरलं’ला मान डोलावत आल्या होत्या. आज मात्र त्या जागच्या हलल्या नाहीत.

“मॅडम, हे बसवर कंडक्टर होते,” त्या म्हणाल्या. “स्टेज म्हटलं की ह्यांना भाड्याचीच स्टेज दिसते. तीन गेल्या, एक राहिली, मग गाडी खाली.”

डॉक्टरांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं.

“काका, आमची स्टेज म्हणजे तुम्ही कुठवर आलात ते नाही, आजार कुठवर पसरलाय ते. तुमचा आतड्याजवळच्या छोट्या ग्रंथींपर्यंत गेलाय, म्हणून तिसरी. लिव्हर, फुप्फुसं साफ आहेत. तिथे पोचला असता तर चौथी.”

“मग माणूस जगतो किती?”

“तुमच्यासारखे शंभर जण घ्या. ऑपरेशन, किमो सगळं केलं, तर पाच वर्षांनी त्यातले साधारण सत्तर तरी असतात.”

“मी सत्तरातला की तिसातला?”

“ते स्टेज सांगत नाही. मलाही नाही सांगता येणार.”

बाई उगाच गोड बोलली नाही, हे धम्मपालांना आवडलं. पण आता जगायची आशा लागली, तशी पहिल्यांदाच भीतीही वाटली.

“तुमचं ठरलं असेल,” मायाबाई म्हणाल्या, “माझं नाय ठरलं. सगळी वर्षं ड्युटी, ड्युटी. आत्ता कुठे तुम्ही घरात दिसायला लागलात.”

धम्मपाल खुर्चीवर नीट टेकून बसले.

“लावा मग किमो,” ते डॉक्टरांना म्हणाले.

कल्याणच्या बसमध्ये एका जोडप्याने उठून दोघांना जागा दिली. धम्मपाल ‘राहू द्या’ म्हणाले नाहीत. माजिवडा मागे पडायच्या आत त्यांची मान मायाबाईंच्या खांद्यावर कलली. पेंगणाऱ्या उतारूंना हाका मारमारून उठवण्यात ज्याचा जन्म गेला, तो हा माणूस चालत्या गाडीत झोपलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

कंडक्टर आला. “काकांना कुठे उतरायचंय? उठवू का?”

“नको,” मायाबाई हळूच म्हणाल्या. “शेवटचा स्टॉप. मी आहे जागी.”