दुसऱ्या गटातले अण्णा

संशोधनाची पहिली पायरी म्हणजे प्रश्न, असं कात्रीबाई सांगायच्या. प्रश्न मनापासून पडला तर निम्मं काम झालं; ओढूनताणून आणला तर जन्मभर निस्तरत बसा. कात्रीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विद्यार्थ्यांनी लिहून आणलेल्या पानांतली निम्मी पानं त्या जागच्या जागी उडवायच्या, म्हणून कॉलेजात सगळे त्यांना पाठीमागे तसं म्हणायचे. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करणाऱ्या आमच्या मास्तरीणबाईंचा प्रश्न ओढूनताणून आणलेलाच होता. चाळिशी उलटली होती, नोकरी अजून वर्षाच्या बोलीवर होती, आणि प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी डॉक्टरेट हातात असेल तर कायम करू. नसेल तर दुसरीकडे बघा." पोटावर पाय यायची वेळ आली की माणसाला भराभर प्रश्न सुचतात.

तिला सुचला तो असा: एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे दर आठवड्याला कुणी तासभर गप्पा मारायला गेलं, तर त्यांचं एकटेपण कमी होतं का?

जेवताना तिने हे घरी सांगितलं. नवरा घास हातात धरून हसला.

"याला संशोधन कशाला लागतं? पुढच्या वेळी भुकेल्या माणसाला जेवल्यावर बरं वाटतं का, यावर कर."

"तू गप्प बस. सगळ्यांना माहीत असतं तेच सिद्ध करणं अवघड असतं."

"चांगलं आहे की," मागच्या खोलीतून अण्णा म्हणाले. "कुणीतरी विचारतंय तरी."

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांचा उभा जन्म एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवण्यात गेला. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची बढती हुकली, कोण साहेबाला शिव्या देत खाली उतरला, हे सगळं अण्णांना त्या माणसाच्या बायकोच्या आधी कळायचं. लिफ्टमध्ये माणूस दोन मजल्यांपुरतं का होईना, खरं बोलतो, असं ते म्हणत. मग बटण दाबून आपली आपण जाणारी लिफ्ट आली आणि अण्णा घरी बसले. आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खाट पडली. सकाळी भाजी निवडायला ती त्यांच्या दारात बसायची. तेवढ्या वेळात अण्णा पोटभर बोलून घ्यायचे, आणि भाजी संपली तरी ती कधीकधी उठायची नाही.

दुसरी पायरी वाचनाची. या विषयावर आजवर कोण काय म्हणून गेलं ते शोधायचं. बरेच जण बरंच काही म्हणून गेले होते, आणि बहुतेकांनी एकमेकांचंच म्हटलं होतं. त्यानंतर पद्धत ठरली. आसपासच्या वस्त्यांतली एकटी म्हातारी माणसं गोळा करायची, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडायचे. पहिल्या गटाकडे दर गुरुवारी कॉलेजच्या मुली गप्पा मारायला जाणार. दुसऱ्या गटाला काही नाही. त्यांना फक्त सुरुवातीला आणि शेवटी तेच ते प्रश्न विचारायचे, म्हणजे दोन्ही गटांची तुलना करता येईल. अभ्यास संपला की दुसऱ्या गटाकडेही मुली जातील, असं वचन त्यांना द्यायचं. नाहीतर तो अन्याय झाला असता, आणि संशोधनात अन्याय चालत नाही. कॉलेजच्या समितीने हे वचन बघूनच परवानगी दिली.

चिठ्ठ्या झाल्या, गट पडले, आणि दुसऱ्या गटातली एक आजी मुलाकडे परगावी निघून गेली.

"सोमवारपर्यंत त्या जागी माणूस हवा," कात्रीबाई म्हणाल्या. "आकडा मोडला तर समिती पहिल्यापासून सुरू करायला लावील."

पहिल्यापासून म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे नोकरी गेली. मास्तरीणबाई दोन दिवस लोकांचे जिने चढत-उतरत राहिली. कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाच्या सुनेने दारातूनच वाटेला लावलं. पाय दुखून घरी आली तर मागच्या खोलीत अण्णा पाठ ताठ करून खिडकीबाहेर बघत बसलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तिला झालं. आपल्या बापाला एकट्या पडलेल्या माणसांत धरायचं का, हा प्रश्न तिला त्या घाईत पडलाच नाही. पडायला हवा होता.

"तुझे कुणी नातलग नाहीत ना? घरचा माणूस चालत नाही," कात्रीबाईंनी नाव बघून विचारलं.

"नाही. शेजारी राहतात एक."

अण्णांना मात्र फार आनंद झाला. त्यांनी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला.

"चिठ्ठी मी काढायची ना?"

"चिठ्ठ्या होऊन गेल्या, अण्णा. तुमची जागा ठरलेली आहे. दुसरा गट."

"पहिल्यात नाही?"

"नाही. पण अभ्यास संपला की तुमच्याकडेही मुली येणार आहेत गप्पांना. तसा नियमच आहे."

"मग काय, थांबू की," अण्णा म्हणाले. "वर गेलेली लिफ्ट खाली येतेच."

प्रश्न विचारायला बाहेरच्या संस्थेतून एक चष्मेवाली मुलगी आली; तिने मास्तरीणबाईला कधी पाहिलेलं नव्हतं. अण्णांनी तिला आपली खुर्ची दिली आणि स्वतः खाटेवर बसले. मास्तरीणबाई स्वयंपाकघरात भांडी घासत होती, पण कान तिकडेच होते.

"मनातलं बोलायला तुमच्याजवळ कुणी आहे का? पर्याय सांगते. नेहमी, कधी कधी, कधीच नाही."

"नेहमी. मुलगी आहे ना माझी. तिच्याशी सगळं बोलतो."

"आपण नकोसे झालोय असं वाटतं का?"

"छे! कधीच नाही. घ्या लिहून."

भांडी घासता घासता तिला भरून आलं. अण्णांचा एकटेपणाचा आकडा दुसऱ्या गटात सगळ्यात कमी भरला. असा आनंदी म्हातारा या गटात तुलनेला कशाला हवा, म्हणून तिला जरा चुटपुटही लागली. लेक म्हणून सुखावली आणि संशोधक म्हणून खट्टू झाली, आणि दोन्हीची तिला लाज वाटली नाही.

मग मुलींच्या भेटी सुरू झाल्या आणि कात्रीबाईंनी सगळ्यांना ताकीद दिली, "दुसऱ्या गटाला गप्पांचा वारासुद्धा लागता कामा नये. सगळं मुसळ केरात जाईल." त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की त्या घरी मुली पाठवू नका. लोकांचं रोजचं चाललंय ते चालू द्या. घरातल्यांनी घरातल्याशी बोलणं थांबवावं, असं जगातल्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि ती पुस्तकं मास्तरीणबाईने वाचलेली होती. पण अण्णांना शेजारी म्हणून खपवलं होतं ना! एक लबाडी केली की दुसरीकडे माणूस भलता काटेकोर होतो. सकाळी अण्णांशी बसून बोललो तर आपल्याच हाताने आपला गट नासवला, असं तिच्या मनाने घेतलं. ती भाजी ओट्यापाशी उभ्याउभ्या निवडायला लागली.

"आज काय झालं माहीत आहे का," अण्णा हाक मारून सुरू करायचे, "समोरच्या इमारतीतला तो टकल्या..."

"अण्णा, आता नको. अभ्यास संपू दे."

एकदा तिने त्यांना नीट समजावून सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. लिफ्टमध्ये आठाच्या वर माणूस घ्यायचा नाही म्हणजे नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो, हे ज्याने जन्मभर पाळलं, त्याला नियम काय शिकवायचा! त्या दिवसापासून ती खोलीवरून जायला लागली की अण्णा स्वतःच ओठांवर बोट ठेवायचे आणि हसायचे. तीही हसून पुढे जायची. चहा नवरा नेऊन द्यायचा.

खरं सांगायचं तर तिला हे सोयीचं पडलं. टकल्याच्या गोष्टी ऐकायचा तिला कंटाळा यायचा, पण नाही म्हणवत नव्हतं. आता नियमच आडवा आला. सुंठीवाचून खोकला गेला. आपला आळस असा कर्तव्य होऊन आला की माणूस त्याला हात जोडतो.

"अगं, ते हल्ली भिंतीशी बोलतात," नवरा एकदा म्हणाला. "मी गेलो की गप्प होतात. कसला अभ्यास हा? बंद कर."

"थोडेच दिवस राहिलेत. नोकरी गेली तर घर तू एकटा चालवणार आहेस?"

तो चहा घेऊन मागच्या खोलीत गेला. अण्णांनी हे ऐकलं असणार, कारण मधली भिंत पातळ होती.

शेवटचे प्रश्न विचारायला तीच चष्मेवाली आली. अण्णांनी तोच शर्ट घातला होता. गळ्यापाशी तो आता सैल होत होता. मास्तरीणबाईने नळ बंद केला.

"मनातलं बोलायला तुमच्याजवळ कुणी आहे का?"

"कधीच नाही."

"आपण नकोसे झालोय असं वाटतं का?"

"नेहमी."

एकामागून एक अण्णा उत्तरं देत गेले. आवाज शांत होता. कितवा मजला आला ते सांगावं तसा. चष्मेवाली गेली आणि मास्तरीणबाई हात पुसत खोलीत आली. दुसऱ्या गटाची उत्तरं अशी आली की आपल्या लेकीचं काम होतं, हे अण्णांनी हेरलं, असंच तिला वाटलं. तिला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं.

"अण्णा, माझ्यासाठी एवढं खोटं बोलायची काही गरज नव्हती."

अण्णा शर्टाची वरची गुंडी काढत होते.

"खोटं मागच्या वेळी बोललो होतो," ते म्हणाले.

तिने हातातल्या फडक्याची घडी घातली.

"मग... ही उत्तरं काढून टाकू का?" तिने विचारलं. बघा, बापाने एवढं सांगितल्यावर तिला सुचलं ते हे.

"कशाला? राहू दे. तुझ्या उपयोगाची आहेत."

उपयोगाची तर होतीच. आकडेमोड झाली तेव्हा दिसलं, की दुसऱ्या गटातली बाकीची माणसं होती तिथेच होती. कुणी इतकं घसरलं नव्हतं. दोन गटांत मोठा फरक दाखवला तो एकट्या अण्णांनी. कात्रीबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोण गं? एवढं कसं घसरलं माणूस? काय झालं मध्ये?"

"ते शेजारचे," मास्तरीणबाई म्हणाली. "घरात कुणी बोलत नाही त्यांच्याशी."

"बिचारे. पण आपल्या अभ्यासाचं सोनं केलं त्यांनी."

शेवटून दुसरं प्रकरण 'अभ्यासाच्या मर्यादा' हे असतं. आपल्या कामात काय उणं राहिलं, ते तिथे प्रामाणिकपणे लिहायचं. तिने लिहिलं, की माणसं थोडी होती, एकाच शहरातली होती. बाकी काही लिहिलं नाही. कात्रीबाईंनी त्या प्रकरणाला मात्र कात्री लावली नाही.

डॉक्टरेट मिळाली, नोकरी कायम झाली. कॉलेजात सत्कार झाला आणि प्राचार्यांनी भाषणात सांगितलं, की बाईंनी समाजाला आपल्या वडीलधाऱ्यांशी बोलायला शिकवलं. मुलींच्या परीक्षा झाल्या, त्या आपापल्या वाटेने गेल्या. दुसऱ्या गटाकडे जायला कुणी उरलं नाही. समितीनेही काही विचारलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. मास्तरीणबाईने मनाशी ठरवलं होतं, की अण्णांकडे आता आपणच बसायचं. पण कायम नोकरीची कामंही कायमची असतात. हा आठवडा नको, पुढचा, असं चाललं.

एका गुरुवारी ती लवकर घरी आली. मागच्या खोलीत अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसले होते. समोर खुर्ची मांडलेली होती, पुसलेली.

"कुठे निघालात, अण्णा?"

"कुठे नाही. गुरुवार आहे ना. आमच्या गटाची पाळी."

"दर गुरुवारी बसता असे?"

अण्णांनी खुर्चीकडे बघितलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली.

"मी आलेय," ती म्हणाली. "बोला अण्णा. काय म्हणतो तो टकल्या?"

"तो गेला घर सोडून. केव्हाच."

तिने खिडकीबाहेर बघितलं. समोर कुणाच्या तरी गॅलरीत कपडे वाळत होते. अण्णा हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून वाट बघत होते. आपण यांना आधी काय विचारायचो, ते तिला आठवेना. तिला रडू यायला लागलं.

"अण्णा, माझा राग आलाय का तुम्हाला?"

अण्णांनी विचार केला. चष्मेवालीसमोर करायचे तसाच, मान थोडी तिरकी करून, अगदी मनापासून. तिची थट्टा करण्याचा त्यात भाग नव्हता.

"पर्याय सांग," ते म्हणाले.