शिकंज्यातला शब्दकोश

औषधाच्या गोळीच्या मधोमध एक बारीक रेघ होती — आणि गोळ्या सुरू झाल्यापासून अकरा दिवसांत ती तिला आज पहिल्यांदा दिसली, ताईच्या तळहातावर. पाकीट ताईच्याच पर्समध्ये असतं, डॉक्टरीणबाईंनी तसं बजावलंय. रोज सकाळी एक, ताईच्या देखत.

"आज वेणी घातलीस की गं," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका हलका झाला होता की धाकटीचं पुढचं सांगायचं राहूनच गेलं.

पुढचं म्हणजे, वेणी घालतानाच तो विचार आला होता. जुनाच — संपवून टाकावं. महिनाभर तो तिच्याबरोबर अंथरुणात लोळत पडला होता, दोघांनाही उठवत नव्हतं. आज मात्र हातांत बळ होतं... त्या बळाचीच तिला भीती वाटली.

बाइंडिंगच्या कारखान्यात तिचं टेबल कुणी हलवलं नव्हतं. "आलीस? बरं झालं," मिस्त्रीकाका म्हणाले, "तुझ्यावाचून खळीलाही गुठळ्या व्हायला लागल्या." एवढीच विचारपूस. ती पानं शिवत राहिली, पुस्तकांच्या पाठींना खळ लावत राहिली. दुपारी शिकंज्यात दाबून ठेवलेला जाड शब्दकोश तिनं चाचपला — खडखडीत कोरडा — आणि सोडवला. उघडताच पाठ सरकली, पानं तिरपी झाली. पंधरा वर्षं मुरलेल्या हातांकडून ही नवशिक्याची चूक.

"वरून वाळलं म्हणून सोडवलंस? आत ओलंच असतं," काका म्हणाले. "सगळ्यांना तूच तर शिकवतेस."

तिला आठवलं: आधी हातपाय उठतील, मन मागून येईल, मधले दिवस जपायचे, काही वाटलं तर लपवायचं नाही — डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा मी कॅलेंडरकडे बघत बसले होते. म्हणजे ऐकलं होतं तर. ताईचा आवाज पुन्हा जड होईल... होऊ दे. वेणी बघून सुखावलेल्या माणसाला मी फसवणार नाही.

तिनं फोन लावला.

"ताई, सकाळी एक सांगायचं राहिलं. मरावंसं वाटत होतं. अजून वाटतंय. मला एकटीनं घरी यायचं नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. "बरं केलंस सांगितलंस. काकांजवळच बस. मी निघालेच, वाटेतून डॉक्टरांना फोन करते."

काकांना तिनं एवढंच सांगितलं, की ताई येईपर्यंत तुमच्याजवळ बसते. काकांनी स्टूल पुढे सरकवलं. तिनं पानं ठोकून सरळ केली, पाठीला नवी खळ लावली, शिकंज्याचा दांडा फिरवून शब्दकोश पुन्हा आवळला. विचार गेला नव्हता. पण सकाळपासून छातीत घट्ट धरलेला श्वास आता सुटला होता.

"काका, हा उद्यापर्यंत कुणी सोडवू नका," ती म्हणाली. "मी येऊन सोडवीन."