मिक्सिंग फुकट करून मिळेल

अब्दुल रहीम पिंजाऱ्याच्या गादीच्या दुकानाला लागून एक अंधारी खोली होती. तिच्या दारावर त्याच्या पोरानं, शाकीबनं, निळ्या रंगानं लिहून ठेवलं होतं : ‘मिक्सिंग फुकट करून मिळेल. गाणं तुमचं, मेहनत आमची.’ मूर्तिजापुरात ती पाटी पहिल्यांदा कुणाला कळली नाही. एक बाई तर वाटायला मिरच्या घेऊनच दारात उभी राहिली.

शाकीब मग समजावून सांगे. गाणारा वेगळा, पेटीवाला वेगळा, ढोलकीवाला वेगळा. सगळ्यांचे आवाज कॉम्प्युटरात निरनिराळे घ्यायचे आणि मग एका पंगतीत असे बसवायचे, की कुणाचा कोपर कुणाला लागू नये. फुकट काहून? तर हात बसावा म्हणून. अमरावतीला खुशालरावांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. त्यांनी शाकीबला सांगितलं होतं, कागदं दाखवू नको, एक गाणं दाखव. ते ऐकून मी गप्प बसलो, तर जागा तुझी.

ते एक गाणं शाकीबला हवं होतं. नाहीतर कापसातली सरकी काढायची जिनिंग होतीच. शाळा सुटल्यापासून दसरा ते होळी तो जिनिंगमध्ये उभा राही. रांगेनं मशीन्स, आणि त्यांचा असा गदारोळ, की शेजारच्याला हाक मारायची तर खांद्यावर थाप द्यावी लागे. बाकीचे मजूर कानात कापसाचे बोळे कोंबून घेत. शाकीब घेत नसे. गवई जसा पहाटे गळा घासतो तसा तो त्या गदारोळात कान घासत होता. कोणत्या मशीनचा पट्टा सैल, कोणाचं बेअरिंग कोरडं, हे तो नुसतं ऐकून ओळखी, आणि त्याची त्याला घमेंड होती. “अम्मी, कान तयार कर रहा हूँ,” असं तो आयशाबीला सांगे. आयशाबी भाकरी थापता थापता म्हणे, “कान लोहे का नहीं रहता, बेटा.”

त्या सालांत खेड्यांवरून त्याच्याकडे भजनी मंडळं यायची. लग्नाची गाणी थोडी, तेरवीची भजनं फार. गेलेला माणूस बहुतेक वेळा तरणाताठा असे, आणि कसा गेला हे कुणी बोलत नसे. शाकीबही विचारत नसे. टाळ, मृदंग, रडवेले गळे तो हळुवार एकमेकांशेजारी बसवून देई. पण सीडी घेऊन गेलेले एका मंडळाचे पुंजाराम बुवा परत आले. म्हणाले, “पोरा, तुहं काम झ्याक हाय. पण टाळ कानात सुयांवानी घुसतात ना बापा.” शाकीबनं त्यांच्या डब्बा स्पीकरला दोष दिला. मग दुसरे आले, तिसरे आले, तेही तेच बोलले. फुकटचं घेणाऱ्याला काय कळते, असं शाकीबनं मनाशी ठरवून टाकलं.

भादवा सरला तशी पलीकडच्या गल्लीतली चंदा आली. मागे पाच-सहा पोरी. गल्लीत महिनाभर भुलाबाई मांडलेली. मातीचे भुलोबा-भुलाबाई मखरात बसलेले, आणि रोज सांजवेळी पोरी त्यांच्यापुढं गाणी म्हणत. ती गाणी चंदाला सीडीवर हवी होती. म्हाताऱ्या बाया एकेक करून जात होत्या आणि गाणी त्यांच्यासंगं, असं तिचं म्हणणं. पोरी त्या अंधाऱ्या खोलीत गायल्या :

भुलाबाई निघाली गं, वाट मागं पाहते,
पायातलं पैंजण तिचं माहेराले राहते…

टिपऱ्या, बांगड्या, पैंजण, कोवळे गळे. शाकीबच्या अंगावर काटा आला. हेच ते गाणं, त्यानं ओळखलं. पंधरा दिवस त्यानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही.

काम झाल्यावर पोरी ऐकायला आल्या. येताना त्यांनी भुलाबाईचा खाऊ आणला होता. खाऊ असाच द्यायचा नसतो; झाकलेला डबा कानापाशी वाजवायचा आणि समोरच्यानं आवाजावरून ओळखायचा. चंदानं डबा शाकीबच्या कानाशी नेऊन खुळखुळवला. “सांगा शाकीबभाऊ, काय हाय?”

शाकीब हसून म्हणाला, “रिकामा डबा आणून मले फसवून राहिल्या का?”

पोरी खिदळल्या. चंदानं पुन्हा हलवला, दुसऱ्या कानाशी. शाकीबला तिचं मनगट हलताना दिसत होतं. बाकी काही नाही. सगळ्यांत लहान पोरीनं खोलीच्या दारातून ओरडून सांगितलं, “राजगिऱ्याच्या लाह्या!” तिला तिथपर्यंत ऐकू गेलं होतं.

हसणं हळूहळू थांबलं. शाकीबनं कॉम्प्युटरवर एक साधा सूर लावला आणि तो वर वर चढवत नेला. चंदाला म्हणाला, ऐकू येणं बंद झालं की हात वर कर. सूर चढला, बारीक झाला, तारेसारखा झाला आणि तुटला. खोली शांत झाली. शाकीबनं वळून पाहिलं. चंदाचा हात खालीच होता. पोरींनी कानात बोटं घातली होती आणि त्यांचे चेहरे कडू झाले होते.

त्यानं सूर बंद केला.

गाणं लावल्यावर चंदा भीत भीत बोलली, की पैंजण टोचतात. शाकीबनं तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावरची कोणती पट्टी ओढली की काय होते ते सांगितलं. टोचणं थांबलं की थांब. चंदानं पट्टी खाली आणली, थोडी वर नेली, पुन्हा खाली. शाकीबसाठी गाणं होतं तसंच होतं. पण पोरींची कपाळं सैल पडत गेली, आणि शेवटी लहानी डोलायला लागली, तेव्हा त्याला कळलं, की गाणं झालं.

कोजागिरी उलटल्यावर तो ती सीडी घेऊन अमरावतीला गेला. खुशालराव ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, “सोमवारपासून ये.”

बसमध्ये त्यानं ठरवलं होतं, की कानाबद्दल तोंड उघडायचं नाही. पण खुशालरावांनी दुसरं एक गाणं लावलं आणि विचारलं, “ह्यात काय खुपते?” शाकीबनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही सापडतं का म्हणून. सापडलं नाही.

“मले वरचा सूर ऐकू येत नाही, साहेब,” तो म्हणाला. “जिनिंगनं नेलं. ते काम एका पोरीनं केलं.”

खुशालरावांनी गाणं बंद केलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला, डॉक्टरचं नाव सांगितलं, आणि हेही सांगितलं, की गेलेला कान येत नसतो. निघताना म्हणाले, “त्या पोरीले पाठव.”

तो निरोप घेऊन शाकीब चंदाच्या दारात उभा राहिला. तिची आई पार्वताबाई ओसरीवर गहू पाखडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि सूप न थांबवता सांगितलं, की पोरीचं धामणगावले जमलं. दिवाळीनंतर लग्न हाय. आता कुठची अमरावती अन् कुठचं काय.

चंदा फाटकापर्यंत आली. “ते काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा.”

शाकीबनं सांगितलं. गाणं ऐकून ते गप्प बसले, आणि म्हणाले, त्या पोरीले पाठव.

“अजून एकदा,” चंदा म्हणाली.

त्यानं अजून एकदा सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग आईनं ओसरीवरून हाक मारली असावी, कारण ती एकदम वळली आणि गहू निवडायला जाऊन बसली.

शाकीब रस्त्यावर आला. जिनिंगसाठी माणसं गोळा करणारा टेम्पो कोपऱ्यावर उभा होता. ड्रायव्हर काहीतरी म्हणाला. शाकीबनं त्याचे ओठ पाहिले आणि मागं चढून बसला.