विचारायला माणूस

यज्ञेश्वरनं तिसरी सीडी बनियनला पुसली, उजेडात धरून दोनदा फिरवली आणि परत पेपरावर ठेवली. तीन सीड्या, तिन्ही लिनक्सच्या. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

"पोरगी पसंत करताय की काय?" सुलभा मटार सोलता सोलता बोलली. "तिन्ही तर सारख्याच दिसतात. चकचकीत."

"दिसतात सारख्या. नांदायला लागल्या की कळतं."

आता बघा, हा यज्ञेश्वर काही जन्माचा कंप्यूटरवाला नव्हता. मिलमध्ये फिटर होता. मिलला कुलूप लागलं तसा घरासमोरच्या ओट्यावर येऊन बसला, तो बसलाच. येणारा-जाणारा विचारायचा, काय चाललंय? काय सांगणार, कपाळ? मग एक दिवस उठला, उज्जैनच्या फ्रीगंजातल्या घराच्या पुढच्या खोलीत कंप्यूटर मांडला आणि दारावर पाटी लावली, टायपिंग-प्रिंटिंग. कॉलेजची पोरं प्रोजेक्ट घेऊन यायला लागली. त्यांच्या फ्लॉप्यांतून व्हायरसही यायला लागले. त्या झंझटीला कंटाळून त्यानं विंडोज काढून मासिकाबरोबर फुकट आलेलं लिनक्स टाकलं. लिनक्सच्या जाती पुष्कळ, ह्या जातीचं नाव मँड्रेक. दोन वर्षं त्याच्यावर निभावलं. नवशिका राहिला नव्हता आणि उस्तादही झाला नव्हता. चालत असलं की राजा. अडलं की बिलकुल अडायचं.

आणि अडलं की विचारायला अख्ख्या उज्जैनात त्याच्या ओळखीचा एकच माणूस होता. भय्यासाहेब, त्याचे साडू. सुलभाच्या थोरल्या बहिणीचे, प्रतिभाताईचे यजमान. टेलिफोन खात्यात होते, घरच्या कंप्यूटरवर लिनक्सच चालवायचे, नानाखेड्याला घर बांधलं होतं.

त्या घराच्या वास्तुशांतीतच बिघडलं. पंगत बसली होती. भय्यासाहेब आग्रह करत फिरत होते, त्यांच्या जिभेला तसंही हाड नाही. चारचौघांत बोलून गेले, "आमच्या साडूंना जिलेबी वाढा बरं का! मिल बुडाली, आता कंप्यूटर बुडवायला घेतलाय, ताकद लागेल!" पंगत हसली. यज्ञेश्वर भरल्या पानावरून उठला, चपला घातल्या आणि चालायला लागला. हसवणारा म्हणाला, पान टाकून गेला, माझ्या वास्तूचा अपमान केला. उठणारा म्हणाला, माझ्या भाकरीवर हसला. दोघंही खरेच होते, म्हणून कोणी मागे हटेना. दीड वर्ष अबोला. बहिणींचं लोणचं-चकली इकडून तिकडे जायचं, पण पुरुषांचा शब्द नाही.

जुना प्रिंटर गेल्या आठवड्यात मेला. नवा आणला, तर सिस्टीम जुनी, ती काही त्याला ओळखेना. सोमवारपासून प्रोजेक्टांचा हंगाम. प्रिंट नाही निघाली तर पोरं दुसरं दुकान बघणार, आणि एकदा गेलेली पोरं परत येत नाहीत. मग परत तो ओटा. यज्ञेश्वर ओट्याकडे पाठ करूनच बसायचा हल्ली.

"काल टावर चौकातल्या इंटरनेट कॅफेत तासभर बसलो," तो म्हणाला. "यातलं कुठलं चांगलं ते बघायला. तर तिथे सगळी दुनिया भांडतेय. हा म्हणतो रेड हॅट, तो म्हणतो मँड्रेकच, नवीनवालं घे. तिसरा येऊन दोघांना गाढव म्हणतो."

"इंग्रजीतून?"

"इंग्रजीतून."

"मग सभ्य लोक असतील." सुलभानं एक दाणा तोंडात टाकला. "मी शिलाई मशीन घेतली तेव्हा आठवतंय? तुम्ही रंग बघत होतात. दुकानदार पॅडल दाखवत होता, कसं हलकं चालतं म्हणून. मी काय विचारलं?"

"मिस्त्री कुठे बसतो."

"हां. गल्लीच्या तोंडाशी बसतो म्हणाला, घेऊन टाकली. बिघडणार तर सगळ्याच आहेत."

यज्ञेश्वरनं तिच्याकडे बघितलं. तिसरी सीडी डेबियनची होती. भय्यासाहेब पहिल्यापासून डेबियनवालेच होते.

"त्यांच्या दारात मी जायचा नाही."

"कोण म्हणतंय जा? मी आपली मशीनची गोष्ट सांगितली." तिनं सालं गोळा केली आणि आत निघून गेली.

त्यानं मँड्रेकची सीडी उचलली, ठेवली. रेड हॅटची उचलली, ठेवली. मग कोणी बघत नाही ना असं बघून तिसरी उचलली, ड्राइव्हमध्ये सारली आणि खटकन बटण दाबलं, जसं काही कोणावर रागच काढतोय.

जेवण झालं तरी मशीन प्रश्नच विचारत होती. हे पाहिजे का, ते पाहिजे का, पक्कं ना? त्यानं सगळ्याला हो म्हटलं. शेवटी ती एकदा बंद पडून परत उठली, आणि स्क्रीन काळा. तो पाच मिनिटं थांबला. बटणं दाबून पाहिली. बाजूनं एक हलकी थाप मारली. जुनं तर पुसून गेलं होतं आणि नवं उभं राहीना. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सुलभा दारात येऊन उभी राहिली. फोन ओढला आणि नंबर फिरवला.

"ताई, मी गं. हो, हो, बरे आहेत सगळे. भाऊजी आहेत का घरात? नाही, बोलायचं नाहीये, तू विचार फक्त. ह्यांनी ते भाऊजींचंवालं टाकलंय. डेबियन. तर पडदा काळाच आहे, पुढे काय करायचं, विचार."

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. सुलभाच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे? कधी?"

"काय झालं?" यज्ञेश्वरनं हळूच विचारलं.

तिनं फोनवर हात ठेवला. "भाऊजींकडे डेबियन नाहीये आता. काढून टाकलं. दिवाळीतच."

"मग काय लावलं?"

"मँड्रेक." ती थांबली. "ताई म्हणते, पंचवीस वेळा सांगितलं ह्यांना, जे चाललंय ते चालू द्या. तर म्हणाले, यज्ञेश्वर तेच वापरतो. तेव्हापासून त्यात गाणी वाजत नाहीयेत, आणि गप्प बसून आहेत."

"मग विचारलं का नाही?"

सुलभानं फोन पुढे धरला. यज्ञेश्वरनं तो घेतला, कानाला लावला. पलीकडेही फोन हातातून हातात गेल्याची खसखस झाली. मग नुसता श्वास. दम्याचा, ओळखीचा.

"पहिल्यांदा आवाज बंदच असतो त्याचा," यज्ञेश्वर म्हणाला. "खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे. ते उघडायचं, दांडी वर करायची. मीही पंधरा दिवस डोकं फोडलं होतं."

पलीकडे माउस सरकला. काहीच झालं नाही. मग एकदम फोनमधून तबला कडाडला, इतका की यज्ञेश्वरनं फोन कानापासून लांब धरला. तिकडे प्रतिभाताई ओरडली, "अहो, कमी करा!"

तबला कमी झाला. पूर्ण बंद नाही केला.

"स्कूटर काढू?" भय्यासाहेबांनी विचारलं. "अर्ध्या तासात येतो."

यज्ञेश्वरनं खोलीकडे बघितलं. उघडा पडलेला प्रिंटर, पेपरावरच्या दोन सीड्या, दारात सुलभा.

"नका येऊ आज. तुम्ही सांगत राहा, मी करतो. माझ्या हातानं होऊ द्या."

"बरं," भय्यासाहेब म्हणाले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "नीट बघून सांग. काय काय दिसतंय?"

"काही नाही. काळं सगळं." तो स्क्रीनवर वाकला. "वरती एक बारकी रेघ आहे फक्त. लुकलुकतेय."

"लुकलुकतेय ना? मग जिवंत आहे रे. मी सांगतो ते लिही."

यज्ञेश्वरनं फोन खांद्यात दाबला आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.